कडीकोयंडा : विभागप्रमुख, बंद खोली

माझ्या हातून आजवर ज्यांचं नुकसान झालं, त्यातल्या प्रत्येकाला मी मदत करत होतो. ठरवून कोणाचं वाईट करायला गेलो असतो तर बहुधा जमलंही नसतं. त्याला थोडी हुशारी लागते. भाऊजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, आयुष्यातली एकुलती एक पदवी मी अशीच मदत करता करता धोक्यात घातली. तीसुद्धा ती नवीकोरी असताना.

भाऊजींचं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. आत शिरताना ताठ आणि पुढे सरकताना वाकत जायचं, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप नम्र होतं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, टेबलावर कानस, किल्ली कापायचं मशीन आणि सगळीकडे पितळेचा बारीक कीस. भाऊजींच्या चहातही तो असावा असा मला संशय आहे. मी त्या दिवशी सहज गेलो होतो, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. दूध गॅसवर, बाई दाराबाहेर आणि दार लॅचचं. भाऊजींनी पिशवी उचलली.

"दुकानाकडे बघ," ते मला म्हणाले. "आणि कशालाही हात लावू नकोस."

मी कशालाही हात लावला नाही. पण टेबलावरचा टॅब्लेट 'टिंग' करून वाजला, आणि वाजणाऱ्या वस्तूकडे बघू नये असं काही ते म्हणाले नव्हते. पडद्यावर 'मागमूस' नावाची वेबसाइट उघडी होती. कोणा नव्या सभासदाने विचारलं होतं : "बर्फात अडकलेल्या आरोग्यधामाची ती कादंबरी निम्मी वाचली. कंटाळा आलाय. पुढे वाचू की सोडू?"

बिचारा. निम्म्या वाटेवर थकलेल्या प्रवाशाला दोन शब्द धीराचे सांगावेत, एवढीच माझी भावना. आणि त्या कादंबरीचं सगळं मला ताईने आदल्याच दिवशी चहा पिताना सांगितलं होतं. खाली कोरी चौकट होती. मी लिहिलं : "मुळीच सोडू नका. डॉक्टरनेच सगळे खून केले हे कळतं, तेव्हा माणूस थक्क होतो."

पाठवून दिलं आणि समाधानाने पाय पसरले. तेवढ्यात जिना डोक्याला लागला. नियती कधी कधी आधीच सूचना देते, आपण ती डोक्यात घेत नाही.

आता हे 'मागमूस' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण भाऊजींना समजून घ्यायचं तर किल्ल्यांपेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

भाऊजींना रहस्यकादंबऱ्यांचं व्यसन फार जुनं. दुकानाशेजारी एक वाचनालय होतं. तिथला माणूस भाऊजी दिसले की न विचारता एक खून टेबलावर टाकायचा. पुढे वाचनालय गेलं आणि त्या जागी मोबाइलची कव्हरं आली. भाऊजी काही दिवस भूल दिल्यासारखे फिरले. मग त्यांच्या मुलीने जुना टॅब्लेट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, आता सगळं यात मिळतं. शोधा."

भाऊजी शोधायला लागले. आधी पुस्तकं विकणारी वेबसाइट. तिथे प्रत्येक कादंबरी 'श्वास रोखून धरायला लावणारी'. भाऊजी म्हणाले, सगळ्यांनीच रोखायला लावला तर माणसाने तो घ्यायचा कधी. त्यांनी विषप्रयोगाची एक कादंबरी मागवली, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांना उंदराचं औषध सुचवलं जाऊ लागलं, आणि त्याच्याखाली 'हे घेणाऱ्यांनी हातमोजेही घेतले'. मग प्रकाशकांच्या वेबसाइटी. तिथे प्रत्येक लेखक रहस्यकथेचा सम्राट. "सम्राट इतके झालेत," भाऊजी म्हणाले, "की प्रजा म्हणून मी एकटाच उरलोय." सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकावर 'रहस्य' असा शब्द टाकला, तर निरोगी आतड्यांचं रहस्य, सुखी संसाराचं रहस्य आणि घनदाट केसांचं रहस्य निघालं. यात खून कुठेच नव्हता. संसाराच्या पुस्तकात थोडी आशा होती. शेवटी बक्षिसं मिळालेल्या पुस्तकांची एक वेबसाइट सापडली. बक्षीस मिळवणाऱ्या रहस्यकादंबरीत खून होतो तो वाचकाच्या संध्याकाळचा, हे त्यांना तिथे कळलं.

आणि मग 'मागमूस'. ही वाचकांनीच चालवलेली वेबसाइट. कुठल्या लेखकाने काय लिहिलं, कुठल्या मालिकेतलं आधी कुठलं आणि मग कुठलं, हे सगळं नीट लावलेलं. विभागही लेखकांप्रमाणे नव्हेत तर माणूस कसा मेला त्याप्रमाणे : विष, प्रवासात, पाण्यात, बंद खोली, नात्यातले खून. शेवटचा विभाग सगळ्यात मोठा. ताई म्हणाली, "साहजिक आहे."

तिथे भाऊजींनी 'कडीकोयंडा' या नावाने अभिप्राय लिहायला सुरुवात केली. आतून बंद असलेल्या खोलीत प्रेत सापडतं अशा कादंबऱ्या त्यांना विशेष प्रिय, आणि तारे ते फक्त कुलपाला देत. "भाषा सुंदर. माणसं जिवंत. पण ही कडी बाहेरून दोऱ्याने पडणार नाही. दोन तारे." किंवा, "प्रेमप्रकरण कळलं नाही. बिजागरी उत्तम. पाच तारे." एकदा त्यांनी लिहिलं, "खुनी कोण ते असो, पण त्या घराचा सुतार तुरुंगात जायला हवा." लोकांना वाटायचं, केवढा हा संयम, खुन्याबद्दल अवाक्षर काढत नाही माणूस. (या सुतारावर तुटून पडणाऱ्या गृहस्थाच्या स्वतःच्या घराचं दार गेली कित्येक वर्षं लागत नाही. ताई त्याला आतून रबरी चप्पल लावते. दिव्याखाली अंधार असतोच, भाऊजींच्या दिव्याखाली भुयार आहे.)

संयमाची ही कीर्ती पसरत पसरत शेवटी मागमूसच्या मास्तरीणबाईंपर्यंत गेली. या मागमूस चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी भाऊजींना 'विभागप्रमुख, बंद खोली' नेमलं. पगार नाही, खुर्ची नाही, असलंच तर काम. पण भाऊजींना शाळेत वर्गाचा मॉनिटरही कोणी केलं नव्हतं. ताई इतकी वर्षं "आमचे हे किल्ल्यांचं बघतात" असं खालच्या आवाजात सांगायची, ती आता "हे विभागप्रमुख आहेत" असं सांगू लागली. कुठल्या विभागाचे ते सांगत नसे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाऊजींना जिन्यात वाट देऊ लागले होते.

आणि मागमूसचा कायदा एकच : शेवट फोडायचा नाही. फोडला की बाहेर. प्रमुख असो की परका.

भाऊजी परत आले तेव्हा दूध उतू गेलं होतं पण दार उघडलं होतं, म्हणून खुशीत होते. त्यांनी टॅब्लेट उचलला. वाचलं. स्टुलावर बसले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. त्याला कंटाळा आला होता म्हणून जरा–"

"डॉक्टर?" भाऊजी म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. "तो डॉक्टर? अरे, त्याने त्या म्हातारीला रोज हाताने सूप भरवलं."

"सुपातच तर होतं," मी म्हणालो. मदत करायची सवय जाता जात नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "भाऊजी, तुम्ही शेवट वाचला नव्हता?"

त्यांनी फळीवरच्या पुस्तकांकडे बोट केलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानांना एक रबरबँड घातलेला. मी तो आजवर पाहिला होता, पण किल्लीवाला माणूस कशालाही काहीही अडकवतो असं समजून सोडून दिला होता.

"मी शेवटचं प्रकरण वाचत नाही," ते म्हणाले. "कुलूप कसं उघडलं ते कळलं की रबर लावतो. पुढचं तुझी ताई वाचते."

ताई रबर काढून फक्त शेवटचं प्रकरण वाचते, हे मला माहीत होतं. निकाल कळला की पुरे, परीक्षेला कोण बसतं, असं तिचं म्हणणं. थोडक्यात त्या घरात दोघं मिळून एक कादंबरी पुरी वाचतात आणि एकमेकांना काही सांगत नाहीत. संसार टिकण्याचं रहस्य ग्रंथालयाच्या त्या पुस्तकात नसून यात असावं.

तेवढ्यात टॅब्लेट पुन्हा वाजला. 'आपलं खातं चौकशीपर्यंत कुलूपबंद करण्यात येत आहे.' कुलूपवाल्यालाच कुलूप लागलं होतं.

"सोपं आहे," मी म्हणालो. "सांगून टाका की तुम्ही शेवट वाचतच नाही. मग फोडणार कुठून?"

"आणि मग विभागप्रमुख म्हणून ठेवतील मला? शेवट न वाचणाऱ्याला?" भाऊजींनी कानस उचलली, पुन्हा ठेवली. "फोडला म्हणून गेलो तर निदान वाचला होता असं तरी लोक म्हणतील."

पंचाईत खरी तिथे होती. निर्दोष ठरायचं तर अब्रू जायची, अब्रू ठेवायची तर दोषी ठरायचं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "काळजी करू नका. मी जाऊन सरळ कबूल करतो." ते ऐकून भाऊजींचा चेहरा आणखी पडला.

चौकशी रविवारी दुपारी, व्हिडिओवर. ताईच्या बाहेरच्या खोलीत टॅब्लेट पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. एकीकडे मी, मध्ये भाऊजी, मागे ताई मटार सोलत बसलेली. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटीत माणसं. वरच्या चौकटीत मास्तरीणबाई, त्यांच्या शेजारच्या चौकटीत विष विभागाचे प्रमुख. हे औषधांचे दुकानदार. सगळे त्यांना औषधवाले म्हणत, आणि मागे बाटल्यांची रांग दिसेल असेच ते बसत.

मास्तरीणबाईंनी वर्गावरून नजर फिरवावी तशी चौकटींवरून फिरवली. "कोणाला काही सांगायचंय?"

"मला," मी म्हणालो. "ते मी लिहिलं. भाऊजी दुकानात नव्हते. त्यांचा काही संबंध नाही."

मग औषधवाले हसले. अगदी प्रेमाने हसले.

"इतक्या लवकर?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अहो, अजून सगळे नीट जोडलेसुद्धा गेले नाहीत आणि तुम्ही कबूल झालात. पहिल्या प्रकरणात कबूल होणारा माणूस कधी खुनी असतो का?"

"पण मीच–"

"तेच तर. दुसऱ्यांदाही तेच वाक्य. पाठ केलंय." त्यांनी मान हलवली. "प्रश्न असा आहे की तुम्ही कोणाला वाचवताय."

चौकटीचौकटींतून माना डोलल्या. मला आयुष्यात लोकांनी खोटारडा म्हटलेलं आहे, पण खरं बोलल्याबद्दल इतक्या जणांनी मिळून कौतुकाने म्हटल्याची ही पहिलीच वेळ. तो नवा सभासद, त्याचा कंटाळा, तो 'टिंग', सगळं मी सांगितलं. एक बाई म्हणाल्या, "तपशील फार चोख आहेत. खऱ्या माणसाला इतकं आठवत नाही." मग मी जरा अडखळून सांगितलं. तर म्हणाल्या, "आता घाबरले."

तेवढ्यात वाऱ्याने मागचं दार सावकाश उघडलं. चप्पल सरकली असावी. सगळ्या चौकटी दचकल्या.

"त्या दाराजवळ कोण बसलंय?" औषधवाल्यांनी हळूच विचारलं.

"मी बसलेय," ताई म्हणाली. "घर माझं आहे. मटारही माझे आहेत."

"आपण कादंबऱ्या वाचता?"

"फक्त शेवट वाचते."

औषधवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कादंबरीत असं केल्यावर पुढच्या पानावर अटक होते.

"फक्त शेवट," ते म्हणाले. "आणि भाऊ गुन्हा अंगावर घेतोय. हेतूही स्पष्ट आहे. नवऱ्याला पद मिळालं. घरात बाईला मत्सर वाटला."

"मत्सर," ताई म्हणाली. "यांचा? डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस आहे हा. तुम्ही प्रमुख केलंत, मी म्हटलं चला, यांना निदान पद तरी सापडलं. आणि तुम्ही, औषधवाले, जरा मागची तिसरी बाटली सरळ करा. मघापासून पडायला आलीय."

औषधवाल्यांनी वळून पाहिलं. बाटली खरंच पडायला आली होती. त्यामुळे ताईवरचा संशय आणखी पक्का झाला. इतकं बारीक लक्ष निष्पाप माणसाचं नसतं.

मास्तरीणबाईंनी घसा साफ केला. "खातं तुमचं, घर तुमचं. यांनी केलं असो की त्यांनी, कडीकोयंड्यासकट सगळं घर बाहेर. आणि ताईंचं नाव मागमूसवर लिहून लावावं लागेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी वाचलं होतं. संन्याशी मटार सोलतोय आणि चोर शेजारी हात वर करून बसलाय, हे दृश्य मात्र नवीन होतं.

भाऊजी उठून उभे राहिले. त्यामुळे पडद्यावर फक्त त्यांचं पोट दिसू लागलं. पुढचं सगळं त्या पोटानेच सांगितलं.

"तिचं नाव लावू नका. मी काही फोडूच शकत नाही आणि हा माझा मेव्हणा खरंच गाढव आहे. मी शेवटचं प्रकरण वाचत नाही."

"या कादंबरीचं?" मास्तरीणबाई.

"कुठल्याच."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तीनशे पानं ज्यांच्याबरोबर बसलो-उठलो, जेवलो, पत्ते खेळलो, त्यांच्यातल्या एकाला शेवटी बेड्या घालतात. मला नाही ते बघवत. मी रबर लावतो. माझ्याकडे सगळे सुटलेले आहेत."

ताईचे हात थांबले. इतकी वर्षं ती ते रबर काढत होती, पण हे कारण तिलाही नवीन होतं.

"पुरावा?" औषधवाले म्हणाले. सहजासहजी सोडणारे नव्हतेच ते.

"विचारा काहीही."

मास्तरीणबाईंनी विचारलं, "दीपगृहाची ती कादंबरी. तुम्ही पाच तारे दिलेली. रखवालदाराला कोणी मारलं?"

भाऊजी विचारात पडले. "मला वाटतं, कोणी नाही. पाय घसरला असेल."

"पाठीत सुरा होता."

"सुऱ्यावर घसरला असेल."

"बरं. नाटकमंडळींची? पडद्यामागे नायिका मरते ती?"

"तिथे मला जरा त्या मांजराचा संशय होता."

मी त्या चौकटींकडे बघत होतो. रहस्यकथा वाचणाऱ्यासमोर चुकीचं उत्तर देणं म्हणजे पोळलेल्या माणसाला फुंकर न घालू देण्यासारखं आहे. एकेकाचे ओठ हलू लागले होते. भाऊजींनी पुढे आगबोटीच्या कादंबरीत आचारी निर्दोष, नवरा निर्दोष आणि प्रेतालाही थोडा दोष द्यावा लागेल असं सांगितलं, आणि औषधवाल्यांचा बांध फुटला.

"अहो, जुळा भाऊ. जुळा भाऊ होता तो, पेटीत बसून आला होता."

"आणि दीपगृहात ती विधवा," दुसऱ्या चौकटीतून आलं. "चाक असलेल्या खुर्चीतली. चालता येत होतं तिला."

"नाटकात प्रॉम्प्टर."

"मी ती कालच सुरू केली होती हो," कोपऱ्यातल्या चौकटीतला एक जण म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, तेव्हा त्यानेही एक खुनी सांगून टाकला. आता कोणाच्याने थांबवत नव्हतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले खुनी चौकटीचौकटींतून बाहेर पडत होते : वकील, दाई, पोस्टमन, स्वतः तपास करणारा. भाऊजी प्रत्येक नावाला "अरेरे" म्हणत होते. शेवटी त्यांनी बागेतल्या खुनाबद्दल "तिथे तर बिचाऱ्या माळ्याला उगाच त्रास दिला" असं म्हटलं, आणि मास्तरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं :

"माळीच. पहिल्या पानापासून माळी."

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण हात पोचायच्या आधी माळी पोचला होता.

मग मास्तरीणबाई मास्तरीणबाईंच्या आवाजात म्हणाल्या, "नियमाप्रमाणे आता सगळेच बाहेर. मीसुद्धा."

"मग राहिलं कोण?" औषधवाल्यांनी विचारलं.

सगळ्यांनी भाऊजींच्या पोटाकडे पाहिलं. एवढ्या मंडळींत एकही शेवट न फोडलेला माणूस तेवढा एकच होता, आणि यापुढेही त्याच्याकडून धोका नव्हता. नियम पाळायचा तर मागमूस एकट्या भाऊजींच्या हवाली करायचं, नाहीतर झालं गेलं विसरायचं. मंडळींनी विसरायचं ठरवलं. भाऊजींचं पद राहिलं. खात्याचं कुलूप निघालं. मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं की ते मीच लिहिलं होतं. "भाऊ चांगला आहे हो," एक बाई म्हणाल्या, आणि जाता जाता ताईकडे एक लांब नजर टाकून चौकट बंद केली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भाऊजींना अजून जिन्यात वाट देतात. ताईला जरा जास्तच देतात. त्यांच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. भाऊजी फळीवरून एकेक पुस्तक काढत होते आणि रबरबँड सोडवून डब्यात टाकत होते.

"दीपगृहवाली मला भली वाटली होती," ते म्हणाले. "खुर्ची ढकलायला माणूस मिळत नाही म्हणून रडायची."

सुटलेले सगळे एका दुपारीत पकडले गेले होते. पद वाचलं, पण फळी उदास दिसत होती. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी पुन्हा मदत केली. मागमूसवर स्वतः शोधून, बंद खोली विभागातली एक नवी कादंबरी मागवली, जिच्यावर अजून कोणाचाच अभिप्राय नव्हता, आणि त्यांच्यापुढे ठेवली. भाऊजींनी ती उलटसुलट पाहिली. मुखपृष्ठावरच्या दाराची कडी नखाने तपासली. मग मागच्या बाजूची पानं चिमटीत धरून, न बघता, त्यांना डब्यातला एक रबर चढवला.

"ताईला सांगितलंय," ते म्हणाले, "हिचा शेवट तुला सांगायचा नाही."

"अजून रागावला आहात?"

किल्ली कापायचं मशीन तेवढं जास्त वेळ चाललं.

"भाऊजी," मी म्हणालो, "मी तुमच्यावर सगळं लिहून काढणार आहे. लोकांना कळू दे की दोष माझा होता. आणि शपथ घेतो, या वेळी शेवट अजिबात फोडणार नाही."

भाऊजींनी नव्या किल्लीवरचा कीस फुंकला, ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "तू लिहितोयस म्हटल्यावर शेवटापर्यंत पोचतंय कोण?"